काट्याचा नायटा होऊ नये म्हणून

'काट्याचा नायटा होणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. पायात काटा मोडतो, आपण दुर्लक्ष करतो आणि क्षुल्लक गोष्टीचे मोठे दुखणे होऊन बसते. गुरुजी वाक्यात उपयोग करावयास सांगत तेव्हा मी बाभळीचा काटा डोळ्यांपुढे आणीत असे. गेल्या वर्षी आमच्या घरात जो काटा शिरला तो मात्र बाभळीचा नव्हता, इंजेक्शनच्या सुईचा होता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध ताप आला की डॉक्टरांकडे जाण्यापुरताच. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारील तर माझे उत्तर एवढेच की आमच्या घराने सहा महिने या विषयाचा अभ्यास केला आहे. हौसेने नव्हे, नाइलाजाने. त्या अभ्यासात जे समजले ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

घडले ते असे

माझी आई आपल्या बेळगावातील एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम करते. चादरी बदलणे, भांडी उचलणे, फरशी पुसणे आणि कचऱ्याच्या पिशव्या मागच्या अंगणात नेऊन ठेवणे, हे तिचे काम. एका रविवारी रात्री ती भाकऱ्या थापत होती आणि उजव्या हाताचा आंगठा सारखा उचलून धरीत होती.

"काय गं झालं?" मी विचारले.

"काय न्हाई रे. काल पिशवी उचलताना सुई लागली जराशी. धुतलं की."

'धुतलं की' या दोन शब्दांवर तो विषय संपलाही असता. परंतु माझ्या मित्राची थोरली बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहज म्हणून मी तिला फोन केला. ताईने सुई कोणती, जखम केवढी, यातले काहीच आधी विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "किती तास झाले?"

मी हिशेब केला. शनिवारी दुपारी दोन, आता रविवारी रात्रीचे आठ. तीस तास.

"मग सकाळची वाट बघू नकोस. सरकारी इस्पितळाचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. आत्ताच घेऊन जा."

बाबांच्या जुन्या स्कूटरवरून आम्ही निघालो. तिथल्या डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले. सुई पोकळ होती काय? होय, सिरिंजसकट होती. तीवर रक्त दिसले काय? होय, ओले होते. कोणत्या रोग्याची? ते कोणालाच माहीत नव्हते, कारण सुई साध्या कचऱ्याच्या पिशवीत आली होती. कावीळप्रतिबंधक लस कधी घेतली होती काय? आईने माझ्याकडे पाहिले. तिला अशी लस असते हेच ठाऊक नव्हते.

त्या रात्री तिला गोळीचा पहिला डोस मिळाला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, लशीचे पहिले इंजेक्शन दिले आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या हाती आल्या. यांपैकी कशालाही पैसे पडले नाहीत. परत येताना आईने एकच प्रश्न विचारला, "ह्या गोळ्या घेतल्याचं कुणाला कळायचं न्हाई नव्हं?" रोगापेक्षा तिला नोकरीची आणि लोकांच्या बोलण्याची भीती अधिक होती. तेवढ्यासाठीच ती शनिवारी गप्प बसली होती.

रक्तातून येणारे तीन पाहुणे

रक्तातून पसरणारे रोग पुष्कळ आहेत, पण कामाच्या जागी ज्यांची धास्ती बाळगावी असे मुख्य तीन: 'बी' प्रकारची कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी, 'सी' प्रकारची कावीळ म्हणजे हिपॅटायटिस सी, आणि एच.आय.व्ही. तिन्हींचे विषाणू रक्तात असतात. धडधाकट कातडीतून ते आत शिरू शकत नाहीत; त्यांना वाट लागते. सुईचे टोक, ब्लेडची धार, फुटलेल्या काचेचा तुकडा, हातावरची उघडी जखम, किंवा डोळ्यांत-तोंडात उडालेला थेंब ही ती वाट.

टोचल्यावर रोग होण्याचा संभव किती? डॉक्टर लोक लक्षात ठेवण्यासाठी तीनचा एक सोपा पाढा सांगतात. ज्याच्या रक्तात विषाणू आहे अशा रोग्याची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याचा संभव शंभरात तीसपर्यंत, हिपॅटायटिस सी होण्याचा शंभरात सुमारे तीन, आणि एच.आय.व्ही.चा हजारात सुमारे तीन. अलीकडच्या पाहण्यांत 'सी'चे प्रमाण याहूनही कमी आढळले आहे. म्हणजे ज्या रोगाला लोक सर्वांत जास्त घाबरतात तो या यादीत तळाशी आहे, आणि ज्याचे नावही आमच्या आईला ठाऊक नव्हते तो सर्वांत वर.

हिपॅटायटिस बी वर का, यालाही कारण आहे. या रोगाच्या रुग्णाच्या रक्ताच्या थेंबाथेंबात विषाणू फार मोठ्या संख्येने असतात आणि रक्त वाळले तरी ते निदान सात दिवस तग धरून राहतात. टेबलावर सुकलेला डाग आपण निर्जीव समजतो. तो तसा नसतो.

या तिघांवरचे उपायही निरनिराळे आहेत. 'बी'वर लस आहे. 'सी'वर लस नाही, परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत निघालेल्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण सुमारे बारा आठवड्यांत बरे होतात. एच.आय.व्ही.वर लस नाही आणि तो समूळ बरा करणारे नेहमीचे औषधही नाही, पण टोचल्यानंतर लगेच गोळ्या सुरू केल्या तर तो शरीरात ठाण मांडण्यापूर्वीच रोखता येतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या वेळच्या एकाच औषधाने हा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटलेला दिसला. आज तीन औषधे एकत्र देतात. पण त्याला वेळेची अट आहे. शक्य तर दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत. ताईच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला त्या वेळी कळला.

सुई कोणाची, आंगठा कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुई वापरली डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी, आणि टोचली आयेला. असे का व्हावे?

सुईचा प्रवास पाहा. रोग्याच्या दंडातून ती निघते. कोणी तिच्यावर टोपण परत बसवू पाहतो, आणि एका हातात टोपण व दुसऱ्या हातात सुई धरून ते बसवताना हमखास बोटाला लागते. कोणी ती ट्रेमध्ये ठेवतो, मग ट्रे उचलणाऱ्याला लागते. कोणी घाईने कचऱ्याच्या डब्यात टाकतो, मग पिशवी उचलणाऱ्या आयेला लागते. तिथूनही ती सुटली तर घंटागाडीवरच्या कामगाराला, आणि शेवटी उकिरड्यावर प्लॅस्टिक वेचणाऱ्या बाईला किंवा पोराला. प्रत्येक पायरीवर सुई तीच असते. बदलतो तो माणूस. आणि जसजसे खाली जावे तसतसा पगार कमी, माहिती कमी आणि लस घेतलेली असण्याचा संभवही कमी.

म्हणून या विषयातला पहिला नियम असा की सुईचा बंदोबस्त ती जिथे वापरली तिथेच, आणि ज्याने वापरली त्यानेच करावा. टोपण परत बसवू नये. खाटेजवळच सुई कापण्याचे यंत्र असावे, किंवा सुई सरळ आत पडेल असा न भोसकणारा डबा असावा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. चेपून भरू नये. हातमोज्यांवर फार विसंबू नये. पातळ रबरी मोजे रक्ताचा स्पर्श टाळतात, सुई अडवीत नाहीत. कचरा उचलणाऱ्यांना जाड मोजे आणि बूट लागतात. आणि या सर्वांच्याही आधी, जिथे गोळीने काम भागते तिथे इंजेक्शन घेऊच नये. 'डॉक्टर, एक सुई मारा की' असा हट्ट धरणारे रोगी आपल्या घराघरांत आहेत. जी सुई वापरलीच नाही ती कोणाला टोचत नाही.

दुसरा नियम असा की कोणाचे रक्त दूषित आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, तेव्हा प्रत्येकाचे रक्त दूषित आहे असे धरूनच काम करावे. १९८० च्या दशकात एच.आय.व्ही.ची साथ पसरू लागली तेव्हा अमेरिकेतील आरोग्य खात्याने हे तत्त्व घालून दिले आणि आज ते जगभर मानले जाते. त्यात कोणा रोग्याचा अपमान नाही. उलट सर्वांना एकच वागणूक आहे.

लशीची गोष्ट

हिपॅटायटिस बीच्या लशीचा इतिहास फार जुना नाही. बरूच ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी पदार्थ आढळला. त्यावरील त्याचा निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तो पदार्थ म्हणजे या विषाणूचाच अंश आहे असे सिद्ध झाले. ब्लूमबर्गला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली लस अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाली. ती माणसाच्याच रक्तापासून केलेली होती. १९८६ साली जनुकतंत्राने केलेली लस निघाली. आपल्याकडे ती परदेशातून येई आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने 'शानव्हॅक-बी' ही भारतात जनुकतंत्राने तयार झालेली लस बाजारात आणली आणि किंमत झपाट्याने उतरली. २०११ पासून देशातील सर्व राज्यांत ती तान्ह्या मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात आली. परंतु आज जी माणसे दवाखान्यात झाडू मारतात, पिशव्या उचलतात, ती बहुतेक त्यापूर्वी जन्मलेली आहेत. त्यांची लस कोणीतरी आठवणीने द्यावी लागते: पहिले इंजेक्शन आज, दुसरे एका महिन्याने, तिसरे सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले की लस लागू पडली किंवा नाही हेही कळते.

लस दिल्याने खरोखर किती फरक पडतो, याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथे १९९१ साली कामगार सुरक्षा खात्याने नियम केला की ज्यांचा रक्ताशी संबंध येतो अशा प्रत्येक कामगाराला मालकाने हिपॅटायटिस बीची लस फुकट देऊ केली पाहिजे. १९८३ ते १९९५ या बारा वर्षांत तिथल्या आरोग्य कामगारांतील या रोगाच्या नव्या लागणी सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्या. लस आणि सावधगिरी या दोहोंचे ते फळ होते. पुढे २००० साली तिथे खास सुईच्या जखमांविषयी कायदा झाला. त्यातली दोन कलमे मला फार महत्त्वाची वाटतात. एक, प्रत्येक जखमेची नोंद वहीत झालीच पाहिजे, आणि ती करताना कामगाराचे नाव उघड होता कामा नये. दुसरे, कोणत्या प्रकारची सुई विकत घ्यावी हे ठरवताना ती प्रत्यक्ष हाताळणाऱ्या कामगारांचे मत विचारले पाहिजे.

आपले नियम काय म्हणतात?

आपल्याकडे नियम नाहीत असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. दवाखान्यातील कचऱ्याविषयी पहिले नियम १९९८ साली झाले आणि त्यांच्या जागी २०१६ साली नवे आले. त्यांत कचऱ्याचे चार रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने भिजलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, मोजे, सुई काढलेल्या सिरिंजा असे प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया, ब्लेड अशा टोकदार व धारदार वस्तू पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. आणि काच निळ्या खुणेच्या पेटीत. आईला जी सुई लागली ती यांपैकी कोठेच नव्हती. ती जेवणाचे कागद आणि केळ्यांच्या साली यांच्याबरोबर होती.

हे वर्गीकरण केवळ शिस्तीसाठी नाही. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरात आल्याचे तेव्हा उघडकीस आले. सुई वापरल्या जागीच कापली असती तर तिला दुसरा रोगी मिळाला नसता.

याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, आणि ते मी दोन-तीनदा वाचले. दवाखान्याने आपल्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना 'व इतरांना', म्हणजे असा कचरा हाताळणाऱ्या कोणालाही, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस द्यावी, संरक्षक साधने द्यावीत, प्रशिक्षण द्यावे आणि निदान वर्षातून एकदा तपासणी करावी. हे 'व इतर' शब्द माझ्या आईसाठी आहेत. ती दवाखान्याच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराच्या आहे. आम्ही विचारायला गेलो तेव्हा दवाखान्यात सांगितले, बाई ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, सुई दवाखान्याची. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोहोंच्या मध्ये आईचा आंगठा होता. नियम करणाराने हा प्रसंग आधीच ओळखून ते शब्द लिहून ठेवले होते, हे वाचून मला धीर आला.

एच.आय.व्ही.विषयी २०१७ साली जो कायदा झाला आणि २०१८ पासून अमलात आला, त्यातही असेच आहे. जिथे लागण होण्याचा विशेष धोका आहे अशा जागी काम करणाऱ्या सर्वांना सावधगिरीची साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे औषध देणे हे संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे. माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे आणि त्या कारणावरून भेदभावाने नोकरीतून काढता येत नाही. स्कूटरवर आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात होते. ते तिच्यापर्यंत पोचवणारे मात्र कोणी नव्हते.

नोंद नाही, तर अपघातही नाही

इथवर आल्यावर माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी जागा झाला. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की व्यवहार घडला की त्याची रोजकीर्दीत नोंद झाली पाहिजे, कारण जे लिहिले नाही ते हिशेबाच्या दृष्टीने घडलेच नाही. आईच्या दवाखान्यात शनिवारच्या त्या घटनेची कोठेच नोंद नव्हती, कारण अशी वहीच नव्हती. बाबा फौंड्रीत काम करतात. ते ऐकून चकित झाले. "आमच्यात बोट कापलं तरी बुकात चढवतात," ते म्हणाले. लोखंडाच्या कारखान्यात जखमेची वही आहे आणि जिथे जखमा बऱ्या करतात तिथे नाही!

२०१६ च्या नियमांनुसार सुई टोचणे हा 'मोठा अपघात' नव्हे. पण असे सर्व लहान अपघात आणि त्यांवर काय उपाय केले, हे दवाखान्याने वार्षिक अहवालात द्यावयाचे असते. हा अहवाल दर वर्षी ३० जूनपर्यंत सरकारी मंडळाकडे जातो. वही नसेल तर त्या रकान्यात काय भरणार? शून्य. आणि शून्य वाचणारा समजणार की सर्व काही ठीक चालले आहे. मग सुई कापण्याचे यंत्र घेण्याचे कारण काय आणि लशीवर खर्च करण्याची गरज काय? म्हणजे न लिहिलेली एक जखम पुढच्या दहा जखमांची वाट मोकळी करून देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली अंदाज केला होता की जगातील साडेतीन कोटी आरोग्य कामगारांपैकी सुमारे तीस लाखांना दर वर्षी अशी जखम होते. ज्यांनी 'धुतलं की' म्हणून सोडून दिले त्यांची मोजदाद करणे तर फारच अवघड.

नोंदीचा दुसरा उपयोग कामगाराला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, आरोग्यसेवेत किंवा प्रयोगशाळेत काम करताना जडलेले संसर्गजन्य रोगही होते. ती यादी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. परंतु रोग कामावरच जडला हे दाखवायचे कसे? टोचल्याची तारीखवार नोंद आणि टोचल्याबरोबर केलेली रक्ततपासणी हाच पुरावा. पहिली तपासणी निर्दोष असेल तर रोग आधीचा नव्हता हे सिद्ध होते. नोंद नसली की पुरावा नाही, आणि मग औषधपाण्याचा आणि बुडालेल्या पगाराचा सारा खर्च दवाखान्याच्या खात्यातून निघून आयेच्या घरच्या डब्यातल्या पैशांवर पडतो. खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या नावे टाकला जातो.

टोचलीच तर काय करावे?

हे थोडक्यात, पण लक्षपूर्वक वाचावे. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये, तीवर ब्लीच किंवा जळजळीत औषध ओतू नये. त्याने फायदा नाही, कातडीला मात्र इजा होते. डोळ्यांत रक्त उडाले तर स्वच्छ पाण्याने धुवावे. मग लगेच वरिष्ठांना सांगावे, नोंद करावी, आणि वेळ न दवडता जिथे एच.आय.व्ही.चा उपचार होतो अशा सरकारी इस्पितळात जावे. सुई कोणाची होती हे माहीत असेल तर ते सांगावे. त्या रोग्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले आणि आपण लस घेतलेली नसली, तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. ते शक्यतो चोवीस तासांच्या आत घ्यावयाचे असते. एच.आय.व्ही.च्या गोळ्या दिल्या तर अठ्ठावीस दिवस एकही न चुकवता घ्याव्यात. मळमळते म्हणून पुष्कळ जण त्या मध्येच सोडतात. आईलाही पहिला आठवडा जड गेला. पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना रक्त तपासून घ्यावे. आईला सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तारखा मिळाल्या होत्या.

ज्यांच्या घरी कोणी दवाखान्यात नाही त्यांनी हा विषय आपला नाही असे समजू नये. तुमच्या घरी आजोबा किंवा काकू मधुमेहासाठी इन्सुलिन टोचून घेत असतील. ती सुई कोठे जाते? बहुतेक घरांत ती भाजीच्या देठांबरोबर डब्यात जाते आणि सकाळी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात. त्याऐवजी झाकणाची एखादी जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तीवर ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहावे, आणि भरली की झाकण घट्ट लावून, सांगून, वेगळी द्यावी. यासाठी खर्च काहीच नाही, फक्त दुसऱ्याच्या हाताची आठवण ठेवावी लागते.

दोन भाषांतला एक कागद

आईच्या दवाखान्याच्या भिंतीवर कचऱ्याच्या रंगांचा एक सुरेख तक्ता होता. तो इंग्रजीत होता. आई मराठी वाचते, तिच्याबरोबरच्या अक्का कन्नड वाचतात, आणि तक्ता दोघींनाही मुका. म्हणून मी एका कागदावर सहा ओळी मराठीत आणि त्याच सहा ओळी कन्नडमध्ये लिहिल्या. माझी शाळा मराठी. कन्नड मी गल्लीत शिकलो आहे, तेव्हा शुद्धलेखन कन्नड विभागाच्या एका मित्राने तपासले. लिहिताना ध्यानात आले की मराठीत सुई 'टोचते' आणि कन्नडमध्ये 'चुच्चते', पण 'रक्त' दोन्हीकडे रक्तच. कागद घेऊन गेलो तेव्हा मेट्रन सिस्टरांनी तो नीट वाचला आणि तक्त्याशेजारी स्वतः लावला. मी भीत भीत वहीचा विषय काढला. "आण वही," त्या म्हणाल्या.

दोनशे पानी वही मीच नेली आणि रकाने आखून दिले: तारीख, वेळ, जागा, कोणती वस्तू, काय उपाय केला. नावाच्या जागी फक्त क्रमांक. आईची घटना त्यात मागची तारीख घालून लिहावी, असे अक्कांनी सुचवले. मी नको म्हटले. आमच्या शास्त्रात मागच्या तारखेची नोंद करीत नाहीत. म्हणून त्या दिवसाचीच तारीख टाकली आणि तपशिलात 'पूर्वी घडलेली, नोंद राहून गेलेली घटना' असे लिहिले. क्रमांक एक.

सहा महिन्यांची शेवटची तपासणी झाली. काही निघाले नाही. आईची तिन्ही इंजेक्शने पुरी झाली आहेत. अक्कांची दोन झाली. ठेकेदाराच्या बाकीच्या पाच बायकांची अद्याप एकही झालेली नाही, आणि त्याचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही. वहीत आता चार नोंदी आहेत. आधी काही घडत नव्हते आणि आताच घडू लागले, असा याचा अर्थ कोणी करू नये. आधी घडत होते ते आता दिसू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.